सिकलसेल : रक्तातला विळा आणि गोळीची भीती



जानेवारी २०१६ मधली गोष्ट. आमची थोरली बहीण भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात दिली आहे. रात्री अकराच्या सुमारास तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला. भाचीच्या छातीत दुखते आहे, श्वास लागला आहे, गाडी करून नागपूरला आणत आहोत. आम्ही अंगात स्वेटर घालून दवाखान्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. पहाटे गाडी आली. दहा वर्षांची पोर गोधडीत गुंडाळलेली, ओठ पांढरे पडलेले, डोळे पिवळे.

ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंनी कार्ड पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी चालू आहे ना?" बहिणीने मान खाली घातली. गोळी सात आठवडे दिली होती आणि मग बंद केली होती. का बंद केली? तर एका मेडिकल दुकानावरच्या मुलाने गोळीचे पाकीट पाहून सांगितले होते, "ही तर कॅन्सरची गोळी आहे. लहान पोरीला काहून देता?" त्याच संध्याकाळी आमच्या भाऊजींनी उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

त्या दिवशी आम्हाला भाऊजींचा फार राग आला. पण रक्ताची पिशवी लावून झाल्यावर व्हरांड्यात बसलेल्या बहिणीने विचारले, "भाऊ, तूच सांग, कॅन्सरची गोळी माझ्या पोरीला कशासाठी?" आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही बी.कॉम. झालेलो, हिशेब शाखेतले कारकून. वस्तीत रक्तदान शिबिरे भरवतो, विहारात अभ्यासवर्ग चालवतो, लोकांचे अर्ज लिहून देतो. सिकलसेलच्या तपासणीसाठी घोषणाही देतो. पण त्या गोळीने शरीरात नेमके काय होते हे आम्हाला ठाऊक नव्हते. ज्याला कारण ठाऊक नाही त्याने दुसऱ्याला अडाणी म्हणू नये. तेव्हापासून आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. जे समजले ते आपल्या माता-भगिनींना समजेल अशा शब्दांत येथे मांडतो.

एका जागेची चूक

आपले रक्त लाल दिसते ते तांबड्या पेशींमुळे. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुप्फुसात प्राणवायू घ्यायचा आणि हातापायांपर्यंत नेऊन पोहोचवायचा हे त्यांचे काम. निरोगी पेशी गोल, मधे दबलेली आणि रबरासारखी लवचिक असते. आपल्यापेक्षा अरुंद रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. साधारण १२० दिवस ती जगते.

सिकलसेलच्या रुग्णात हीच पेशी प्राणवायू सोडला की विळ्याच्या आकाराची होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव. अशी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. शरीर नव्या पेशी करून करून थकते, तरी रक्त कमीच पडते. डोळे पिवळे दिसतात ते फुटलेल्या पेशींच्या रंगद्रव्यामुळे. गावात त्याला कावीळ समजून झाडपाला देतात.

हा आजार वैद्यकाच्या कागदावर प्रथम आला तो अमेरिकेत. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला शिकागोला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९०४ साली तिथल्या दवाखान्यात दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ती हकीकत प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, दंतवैद्य झाला, आणि १९१६ साली न्यूमोनियाने वारला. वय अवघे ३२.

पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखादा आजार एका रेणूच्या बिघाडाने होतो हे जगाला पहिल्यांदा कळले ते या आजारामुळे. त्यानंतर व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ती चूकही शोधून काढली. हिमोग्लोबिनमध्ये १४६ दुव्यांची एक साखळी असते. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलीन बसले आहे. एवढेच. आम्हा हिशेबनिसांना हे लवकर पटते. मूळ वहीत एक आकडा चुकला की तो प्रत्येक नकलेत चुकीचाच उतरतो, आणि वर्षअखेर ताळेबंद जुळत नाही.

पेशी वाकते केव्हा?

आता महत्त्वाचा मुद्दा. चूक तर जन्मापासून प्रत्येक पेशीत आहे. मग दुखणे रोज का येत नाही? महिनाभर पोर खेळते, शाळेत जाते, आणि एखाद्या रात्री अचानक हातपाय धरून ओरडते, असे का?

कारण असे की हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला तरी ते लगेच गोठत नाही. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरखंड बनतात आणि पेशीला वाकवतात. पण हे दोरखंड वळायला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात पेशी बारीक वाहिनीतून निसटून पुन्हा फुप्फुसाकडे गेली तर तिला प्राणवायू मिळतो, दोरखंड सुटतात आणि पेशी पुन्हा गोल होते. म्हणजे ही एक शर्यत आहे. पेशी आधी बाहेर पडते की दोर आधी वळतो, यावर त्या रात्रीची झोप अवलंबून असते.

हा अवधी कशाने कमी होतो? पहिले कारण पाणी. अंगातले पाणी कमी झाले की पेशीही सुकते, तिच्यातले हिमोग्लोबिन दाट होते, आणि दाट हिमोग्लोबिन फार झपाट्याने गोठते. दाटपणात थोडा जरी फरक पडला तरी अवधीत मोठा फरक पडतो. डॉक्टर "भरपूर पाणी पाजा" असे का सांगतात ते आम्हाला येथे कळले. तोवर आम्ही तो सगळ्या रोग्यांना सांगायचा एक रिवाज समजत होतो. दुसरे कारण थंडी. थंडीने वाहिन्या आवळतात, पेशी आत अडकून राहते. तिसरे ताप आणि जंतुसंसर्ग. चौथे अतिश्रम. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या बाया, भर उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्या पोरी यांना हा त्रास का उसळतो हे आता वाचकांनीच ताडावे.

इजा एका पेशीची राहत नाही

वारंवार वाकून सरळ झालेली पेशी अखेर कायमची वाकडीच राहते. तिचे आवरण फाटते, तिच्यातून पाणी आणि पोटॅशियम गळते, ती ताठ आणि चिकट होते. अशा पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जातात. त्या अस्तराच्याही पेशीच असतात. इजा झाली की त्या आपल्या अंगावर चिकटण्याच्या खुणा उभ्या करतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावतात. एरवी जखम भरायला हे उपयोगी असते. येथे मात्र त्यामुळेच रस्ता तुंबतो. शिवाय फुटलेल्या पेशीतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. वाहिनी सैल ठेवणारे द्रव्य तेच. ते संपले की वाहिनी आणखी आवळते.

रस्ता तुंबला की त्यापलीकडच्या हाडाला, फुप्फुसाला, मेंदूला रक्त मिळत नाही. हाडातली वेदना इतकी असह्य असते की मोठी माणसे भिंतीवर डोके आपटतात. फुप्फुसात तुंबले तर आमच्या भाचीला झाले तसे होते. मेंदूत तुंबले तर लहान मुलालाही अर्धांगवायू होतो. पोटातली पानथरी वारंवार मार खाऊन निकामी होत जाते, आणि पानथरी जंतूंशी लढणारी असल्यामुळे साधा संसर्गही जिवावर बेततो. अमेरिकेत १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलीन दिल्याने न्यूमोकॉकस जंतूचा रक्तातला गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की तो अभ्यास मुदतीच्या आधीच थांबवून सर्व मुलांना औषध सुरू केले गेले. साध्या, स्वस्त गोळीने जीव वाचतात, ते असे.

आमची भाची नऊ महिन्यांची असताना तिच्या दोन्ही हातांचे पंजे आणि पाय सुजले होते. घरातल्या म्हाताऱ्यांनी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. पाच वर्षांची झाल्यावर एका डॉक्टरांनी संधिवात समजून इंजेक्शने दिली. २०१२ साली नागपुरात रक्ताची तपासणी झाली तेव्हा खरा आजार कळला. ते सुजलेले पंजे हीच या रोगाची पहिली खूण होती. लहान बाळाचे हातपाय असे सुजले तर ओवाळत बसू नका, रक्त तपासून घ्या.

बाळपणाचे हिमोग्लोबिन

मग प्रश्न येतो, की चूक जन्मतःच आहे तर बाळ पहिले पाच-सहा महिने निरोगी कसे राहते? डॉ. जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी १९४८ साली हेच हेरले. नवजात बाळांच्या रक्तात विळे फार थोडे दिसतात, याचा संबंध गर्भातल्या हिमोग्लोबिनशी असावा असे त्यांनी सुचवले.

आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे थांबवते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन सुरू करते. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये ती सहाव्या जागेची चूक नसते, आणि ते दोरखंडात विणलेही जात नाही. उलट ते मध्ये आले की दोर तुटतो. म्हणजे निसर्गाने औषध आपल्याच अंगात ठेवले आहे, फक्त त्या कपाटाला कुलूप घातले आहे. ते कुलूप थोडेसे तरी उघडता आले तर?

आता गोळीकडे येऊ. तिचे नाव हायड्रॉक्सियुरिया. हे रसायन १८६९ साली जर्मनीत तयार झाले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेत ते कॅन्सरवरचे औषध म्हणून मंजूर झाले. मेडिकलवाल्या मुलाचे म्हणणे खोटे नव्हते, ते अर्धे होते. आणि अर्धे खरे कधी कधी पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडते.

पेशीची दोन करायची असेल तर आधी आतल्या सूचनांची वही, म्हणजे डीएनए, नकलून घ्यावी लागते. त्या नकलेसाठी कच्चा माल लागतो. हायड्रॉक्सियुरिया तो कच्चा माल बनवणाऱ्या द्रव्याला अडवते. कॅन्सरच्या पेशी सारख्या दुणावत असतात, म्हणून त्यांना हा मार बसतो. हाडातल्या मज्जेतही रक्तपेशी दुणावत असतात. तिथे या औषधाचा सौम्य ताण पडला की मज्जा घाईला येते आणि राखीव दलातल्या कोवळ्या पेशी पुढे काढते. या कोवळ्या पेशींची बाळपणाची सवय अजून सुटलेली नसते. त्या गर्भाचे हिमोग्लोबिन घेऊन बाहेर पडतात. शिवाय या औषधाने तांबड्या पेशी मोठ्या आणि पाणीदार होतात, त्यांचा चिकटपणा कमी होतो, आणि रस्ता तुंबवणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात.

म्हणजे जो ताण कॅन्सरच्या पेशीला मारतो, तोच मोजक्या मात्रेत दिला तर मज्जेला जुनी विद्या आठवायला लावतो. औषध एकच, मात्रा वेगळी, हेतू वेगळा. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ते द्यायला आम्हाला उशीर झाला.

हे खरे कशावरून?

आपण कालाम सुत्ताचे वारसदार. कुणी सांगितले म्हणून मानायचे नाही. म्हणून पुरावा सांगतो. १९९५ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा तीव्र वेदना होणारे २९९ प्रौढ रुग्ण घेतले. काहींना हायड्रॉक्सियुरिया दिले, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय मिळते हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. औषध घेणाऱ्यांत वर्षाला वेदनेचे २.५ झटके, न घेणाऱ्यांत ४.५. छातीचा त्रास कमी, रक्त देण्याची गरज कमी. हाही अभ्यास लवकर थांबवला गेला, कारण इतरांना औषधापासून वंचित ठेवणे अन्यायाचे ठरले असते. त्याच रुग्णांचा नऊ वर्षे पाठपुरावा केला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्के कमी आढळले. आणि गोळीमुळे या रुग्णांत कॅन्सर वाढल्याचे दीर्घ पाठपुराव्यात दिसले नाही.

हे तर अमेरिकेचे झाले, आमच्या गरीब मुलांचे काय, असे कुणी विचारील. २०१९ साली आफ्रिकेतल्या अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतल्या सहाशेहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही वेदना, संसर्ग, मलेरिया आणि मृत्यू कमी झाले. आणि आपल्या नागपुरातल्या डॉक्टरांनी तीव्र त्रासाच्या मुलांना रोज वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत हे औषध देऊन पाहिले. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कमी मात्रेतही झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी झाली.

तरी पथ्य आहेच. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू प्रमाणाबाहेर उतरू शकतात, म्हणून ठरल्या दिवशी रक्त तपासावे लागते. गरोदरपणात किंवा मूल हवे असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाही. आणि फळ दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आमच्या बहिणीने सात आठवड्यांत बंद केले. म्हणजे पेरणी केली आणि कोंब दिसत नाही म्हणून शेत नांगरून टाकले.

दोष कुणाचा?

आता जरा कटू बोलतो. वस्तीत या आजाराबद्दल दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक, "मागच्या जन्मीचे भोग." १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या मागोमाग २२ प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरात या वाक्याला जागा नाही. दुसरे बोलणे बाहेरचे लोक करतात, "हा अमुक जातीचा रोग." तेही चूक.

१९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे मलेरिया पिढ्यानपिढ्या होता तिथे वाहक वाचले, त्यांची संतती वाढली. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा आणि भारतातला मधला जंगलपट्टा, सगळीकडे हेच घडले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत तो आढळला. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद लॅन्सेट या मासिकात प्रसिद्ध केली. विदर्भात तो आदिवासी बांधवांत आहे, आपल्यात आहे, इतर मागास समाजांतही आहे. तो आमच्या पूर्वजांचा गुन्हा नव्हे. डासांच्या मुलखात जगून उरल्याची ती किंमत आहे, आणि ती दोन वाहकांच्या लेकरांना मोजावी लागते.

या आजाराची लढाई अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीही लढली. ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून वस्त्यांत मोफत तपासणी सुरू केली. सरकार या रोगाकडे लक्ष देत नाही हे त्यांनी चव्हाट्यावर मांडले. १९७२ साली तिथे सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याच साली मुंबईत आपल्या तरुणांनी त्या पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली. नाव आपण घेतले, रक्त तपासण्याचा कार्यक्रमही घेतला असता तर बरे झाले असते. मात्र तिथला दुसरा धडाही ध्यानात ठेवावा. तपासणीनंतर नीट समजावून न सांगितल्याने केवळ वाहक असलेल्या धडधाकट माणसांना रोगी ठरवले गेले. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रबोधिनीने १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नाकारला होता. म्हणून तपासणी आणि समजावणी या दोन्ही गोष्टी बरोबरच चालल्या पाहिजेत.

आमचाच हिशेब

एवढे लिहिल्यावर स्वतःची गोष्ट लपवणे बरे नव्हे. २०१२ साली भाचीचा आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले होते, की सगळ्या नातेवाइकांचे रक्त तपासा. भाऊजी आणि बहीण दोघेही वाहक निघाले. भाचाही वाहक निघाला. आम्ही मात्र "आज जाऊ, उद्या जाऊ" करीत राहिलो. शिबिरात दुसऱ्यांच्या बोटाला सुई टोचताना उभे राहिलो, आपले बोट पुढे केले नाही. बहीण वाहक म्हणजे आम्हीही वाहक असण्याचा संभव मोठा, हे ठाऊक असून.

२०२५ च्या फेब्रुवारीत बहीण घरी आली. चहा झाल्यावर म्हणाली, "भाऊ, तुझी पोरगी माझ्या घरी दे. माझ्या पोराले बाहेरची पाहायची नाही." मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे जुनी रीत. भाचा गुणी, नोकरीला लागलेला. आमच्या पत्नीचा चेहरा आनंदला. आमचा मात्र उतरला. आम्ही म्हणालो, "बाई, आधी रक्त पाहू." ती एकदम गप्प झाली. नंतर म्हणाली, "माझ्या पोराच्या रक्तात खोट आहे म्हणून नाही म्हणतोस का?" तिच्या डोळ्यांत पाणी आले. जिने एका लेकरासाठी इतक्या रात्री जागून काढल्या तिला असे वाटावे, याचे आम्हाला फार वाईट वाटले.

आठवड्याभराने आम्ही तिघे, आम्ही, पत्नी आणि मुलगी, तपासणीला गेलो. आम्ही वाहक. पत्नी निरोगी. मुलगी वाहक. वयाच्या ४८ व्या वर्षी आम्हाला आमचे रक्त कळले.

मग बहिणीच्या घरी जाऊन आम्ही पाटीवर मांडून दाखवले. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याचा संभव २५ टक्के, वाहक मूल होण्याचा ५० टक्के आणि पूर्ण निरोगी २५ टक्के. पुष्कळांचा समज असतो की चारांपैकी एक आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली. तसे नाही. हे हप्त्याने फिटणारे कर्ज नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने उचलायची. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर मात्र रुग्ण मूल होत नाही, फार तर वाहक होते. म्हणजे भाच्यानेही लग्न करावे, आमच्या मुलीनेही करावे, फक्त एकमेकांशी नको.

बहीण काही बोलेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेली भाची बोलली. त्या रात्री गोधडीत आणलेली ती पोर आता एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते. २०१६ पासून तिने गोळी चुकवली नाही. झटके अजून येतात, पण वर्षाकाठी एखादा. ती म्हणाली, "आई, मला जे होते ते तुझ्या नातवाला व्हावे असे तुला वाटते का? मामा नाते तोडत नाही, मामा नाते वाचवतो." बहिणीने डोळे पुसले आणि स्वयंपाकाला उठली. जेवून जा म्हणाली. त्या जेवणाची चव आम्ही विसरणार नाही.

काय करावे?

पहिली गोष्ट, लग्न ठरवण्याआधी मुलाचे आणि मुलीचे रक्त तपासावे. पत्रिका आपण पाहत नाही, रक्ताचा कागद पाहावा. सुरुवातीची चाचणी थेंबभर रक्तावर होते, पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तिचा लाभ घ्या. दोन वाहकांचे लग्न झालेच असेल तर घाबरू नका. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी होऊ शकते, त्यासाठी दिवस राहताच डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट, घरात रुग्ण असेल तर पाणी, ऊब, विश्रांती, लसीकरण आणि फॉलिक ॲसिड यांत चुकू नका. रक्त कमी आहे म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नका. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून श्वास लागला, पोट एकाएकी फुगून मूल पांढरे पडले, किंवा तोंड-हात एका बाजूने लुळे पडले तर रात्र उजाडायची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट, हायड्रॉक्सियुरिया ज्यांना सुरू केले आहे त्यांनी ते मनाने बंद करू नये. सरकारी दवाखान्यात साठा संपला असे उत्तर मिळाले तर तोंडी परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज लिहायला वस्तीतला शिकलेला मुलगा कामी येऊ द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्र काढून ठेवा. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांच्या हक्कांसाठी काम केले, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक सामान्य कार्यकर्ता काय करू शकतो हे त्यांनी दाखवून दिले.

शास्त्र पुढे गेले आहेच. गर्भाच्या हिमोग्लोबिनच्या कपाटाला कुलूप घालणारा जनुक सापडला आहे. रुग्णाच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, त्यांत दुरुस्ती करून, परत घालणारा उपचार २०२३ साली इंग्लंड आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. आमच्या हिशेब शाखेतले सगळे पगार एकत्र केले तरी तो आकडा येत नाही. दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेतही अशा उपचारावर काम चालू आहे. तो गरिबाच्या दारी येईल तेव्हा येवो. आज मात्र एका गोळीची भीती आणि एका तपासणीची लाज, एवढ्या दोनच गोष्टी आपल्या लेकरांच्या आड उभ्या आहेत. त्या दूर करायला डॉलर लागत नाहीत.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर पाच मिनिटे या विषयाला द्या. आणि कार्यकर्त्यांनो, दुसऱ्याचे बोट धरण्याआधी आपले बोट पुढे करा. आम्ही तेरा वर्षे उशीर केला. तुम्ही करू नका.

जयभीम.